निर्णयाचा अधिकारी कोण?

गर्भात जीव केव्हा प्रवेश करतो या प्रश्नाची उत्तरे देणारे ग्रंथ आपल्या परंपरेत पुष्कळ आहेत आणि ती उत्तरे एकमेकांशी जुळत नाहीत, ही गोष्ट नवीन नाही. परंतु तो गर्भ वाढवावा की न वाढवावा हे ठरविण्याचा अधिकार कोणाचा, हा प्रश्न स्वतंत्रपणे उपस्थित करणारा ग्रंथकार शोधू गेले तर हाती फारसे काही लागत नाही. चरकाच्या मताने शुक्रशोणितसंयोगाच्या वेळीच जीव कुक्षीत उतरतो; सुश्रुताच्या मताने चौथ्या महिन्यात गर्भाचे हृदय व्यक्त होते आणि त्याच्या इच्छा मातेच्या मुखाने प्रकट होऊ लागतात; गर्भोपनिषद् तर जीवाचा योग सातव्या महिन्यात सांगते. इतर धर्मांतही एकवाक्यता आहे असे नाही. हनफी परंपरेतील अनेक फकीहांनी १२० दिवसांनंतर आत्म्याचा संचार मानला. रोमन कॅथलिक पंथात सचेतन गर्भ आणि अचेतन गर्भ असा भेद शतकानुशतके चालत आला होता. तो पोप पाचवे सिक्स्टस यांनी १५८८ साली मोडला, तीनच वर्षांनी चौदावे ग्रेगरी यांनी पुन्हा प्रस्थापित केला आणि १८६९ साली नववे पायस यांनी अखेर काढून टाकला. ज्या प्रश्नाचा निकाल एकाच धर्मपीठाने तीनशे वर्षांच्या आत तीनदा फिरविला, त्याच्या निकालावर एखाद्या बाईचे तुरुंगात जाणे वा न जाणे अवलंबून ठेवावे काय, अशी शंका श्रद्धावान मनुष्यासही यावयास हरकत नाही.

गर्भाचे स्वरूप काय, हा एक प्रश्न. त्याविषयीचा निर्णय कोणी करावा, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर कोणतेही आले तरी दुसरा शिल्लक राहतोच, आणि गर्भपात ही गोष्ट जितकी गंभीर मानावी तितका तो अधिक निकडीचा होतो. कारण क्षुल्लक बाबीचा निर्णय परक्याने केला तरी फारसे बिघडत नाही. जैमिनीच्या पूर्वमीमांसेचा सहावा अध्याय मुख्यतः अधिकाराच्या चर्चेला दिलेला आहे. कर्माचे फळ ज्याला भोगावयाचे त्याचाच त्या कर्मावर अधिकार, ही त्या चर्चेतील मध्यवर्ती भूमिका. आणि तीत ऐतिशायनाने आक्षेप घेतला तो नेमका स्त्रियांविषयी. स्वर्गाची इच्छा करणाऱ्याने यज्ञ करावा या विधीतील कर्ता पुल्लिंगी आहे, सबब अधिकार पुरुषालाच, असे त्याचे म्हणणे. जैमिनी बादरायणाचा हवाला देऊन ते खोडून काढतो. फळाची इच्छा स्त्रीलाही असते म्हणून अधिकारही तिला आहे असे ठरवितो, तिचे स्वतःचे धन असू शकते हेही मान्य करतो. आणि इतके सगळे देऊन झाल्यावर पुढे सांगतो की हा अधिकार तिने पतीच्या सहवर्तमान बजावावा. गर्भपाताच्या कायद्याचा आपल्याकडील इतिहास वाचताना ही चर्चा मला वारंवार आठवते, कारण आपल्या इस्पितळांतील शिरस्त्याने जैमिनीचा हा उलटा प्रवास हुबेहूब गिरविला आहे.

तो इतिहास दंडसंहितेपासून सुरू होतो. १८६० च्या भारतीय दंडसंहितेतील कलम ३१२ अन्वये गर्भपात घडवून आणणारास तीन वर्षांपर्यंत, आणि गर्भाची हालचाल जाणवू लागल्यानंतर तो घडविल्यास सात वर्षांपर्यंत शिक्षा ठेवलेली होती. स्त्रीचा प्राण वाचविण्यासाठी सद्भावनेने केलेले कृत्य तेवढे वगळले होते, आणि स्वतःचा गर्भ पाडणारी स्त्रीसुद्धा आरोपीच समजावी असे स्पष्टीकरण खाली जोडलेले होते. पोटातील पहिली हालचाल म्हणजे जीवाची साक्ष, ही जुन्या इंग्रजी विधिज्ञांची समजूत. ती चरकालाही मान्य नव्हती आणि गर्भोपनिषदालाही, तथापि इंग्रजी अंमलाबरोबर ती आमच्या फौजदारी दफ्तरात येऊन बसली. ते कलम आजही गेलेले नाही. १ जुलै २०२४ पासून ते भारतीय न्यायसंहितेत ८८ वे कलम म्हणून नांदत आहे, आणि हालचालीचा तो भेदही त्यात जसाच्या तसा आहे.

या कायद्याच्या छायेत एकोणिसाव्या शतकात ज्या स्त्रिया सापडल्या त्यांत विधवा, आणि त्यांतही पुनर्विवाहाचा मार्ग बंद असलेल्या उच्चवर्णीय विधवा, अग्रभागी होत्या. सुरतेच्या सत्र न्यायालयाने १८८१ साली विजयालक्ष्मी नावाच्या ब्राह्मण विधवेला बालहत्येबद्दल फाशी फर्मावली. ती शिक्षा पुढे कमी झाली, परंतु त्या निमित्ताने समस्त स्त्रीजातीच्या नीतीवर वर्तमानपत्रांतून जे शेरे मारले गेले, त्यांना उत्तर म्हणून बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ साली ‘स्त्रीपुरुषतुलना’ लिहिली आणि या अपराधातला दुसरा भागीदार कोठे आहे, असा सरळ सवाल केला. त्याच्याही आधी, १८६३ साली, जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी पुण्यात आपल्या राहत्या घरी बालहत्या प्रतिबंधक गृह काढले होते. वाट चुकलेल्या म्हणून समाजाने टाकलेल्या विधवांनी येथे यावे, गुप्तपणे आणि सुरक्षितपणे बाळंत व्हावे, मूल न्यावेसे वाटल्यास न्यावे, न वाटल्यास ठेवून जावे, अशा आशयाचे फलक त्यांनी गावात लावले. फुल्यांनी काढले ते गर्भपाताचे केंद्र नव्हते, भ्रूणहत्या आणि बालहत्या टळावी हाच त्यांचा हेतू होता, ही गोष्ट दृष्टीआड करण्याचे कारण नाही. तरी त्या फलकात एक विलक्षण गोष्ट होती: येणाऱ्या बाईला कोणी जाब विचारणार नव्हते आणि मुलाचे काय करावयाचे ते तिच्यावर सोपविलेले होते. पुढे र. धों. कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले, १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ चालविले आणि त्यापायी कोर्टाच्या पायऱ्या झिजविल्या; १९३८ साली डॉ. आंबेडकरांच्या स्वतंत्र मजूर पक्षातर्फे संततिनियमनाचा ठराव मुंबईच्या विधानसभेत आला आणि फेटाळला गेला. कायदेमंडळ आणि न्यायालय या दोन्ही दारांवर थाप मारण्याची रीत महाराष्ट्रात अशी जुनीच आहे.

गर्भपाताचा कायदा मात्र आला तो अशा कोणत्या चळवळीच्या रेट्याने नव्हे. केंद्र सरकारने १९६४ साली महाराष्ट्राचे आरोग्यमंत्री शांतिलाल शहा यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, तिने १९६६ च्या अखेरीस अहवाल दिला आणि त्याच्या आधारे १९७१ साली वैद्यकीय गर्भपात कायदा संमत होऊन १ एप्रिल १९७२ पासून अमलात आला. चोरून केलेल्या गर्भपातांनी बायका मरत होत्या ही समितीची खरी चिंता, आणि लोकसंख्येची वाढ ही त्या काळच्या सरकारी मनातील दुसरी. १९७१ सालीच अमेरिकेत ज्यूडिथ जार्व्हिस थॉमसन या विदुषीने, गर्भाला माणसाचा पूर्ण दर्जा क्षणभर दिला तरीही त्याला दुसऱ्याचे शरीर वापरण्याचा हक्क आपोआप मिळतो काय, असा मुद्दा मांडणारा निबंध प्रसिद्ध केला. आमच्या कायद्याला त्या वादाशी काही कर्तव्य नव्हते. अमुक परिस्थितीत नोंदणीकृत डॉक्टर दोषी ठरणार नाही, अशी त्याची सुरुवात आहे. मुभा डॉक्टरला मिळाली. बाईने यावयाचे ते मनाला वा शरीराला गंभीर इजा पोचणारी, बलात्कारित किंवा संततिनियमनाचे साधन फसलेली विवाहिता म्हणून. आपली कैफियत डॉक्टरपुढे ठेवावयाची आणि त्याचे मत अनुकूल पडेल याची वाट पाहावयाची. १२ आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचे मत, २० पर्यंत दोघांचे लागे. मला मूल नको, एवढे म्हणणे कोणत्याच रकान्यात बसत नव्हते, आणि २०२१ च्या दुरुस्तीनंतरही बसत नाही.

तरीही त्या कायद्यात एक गोष्ट निःसंदिग्ध होती: सज्ञान स्त्रीच्या बाबतीत संमती हवी ती तिची एकटीची. कायद्यात कोठेही नवऱ्याचे नाव संमतीसाठी आलेले नाही. परंतु मनीषा गुप्ते आणि त्यांच्या सहकाऱ्यांसारख्या स्त्री-आरोग्याच्या कार्यकर्त्या ग्रामीण महाराष्ट्रात बायकांशी बोलत हिंडू लागल्या तेव्हा त्यांना आढळले की इस्पितळांतून नवऱ्याची सही मागणे हा शिरस्ताच पडून गेला आहे. ज्या बाईला ही गोष्ट घरात कळू द्यावयाची नाही ती मग सरकारी दवाखान्याची पायरी न चढता जादा पैसे मोजून दुसरीकडे जाते, किंवा दाई आणि जडीबुटी यांच्या वाटेला लागते. अधिकार दिला आणि तो पतीच्या सहवर्तमान बजावण्यास सांगितले. फरक इतकाच की जैमिनीने निदान सूत्र लिहून तसे सांगितले होते, येथे ते खिडकीवरच्या कारकुनाने ठरविले. स्त्री-आरोग्याच्या चळवळीचे पहिले काम, माझ्या समजुतीप्रमाणे, हे होते: कायद्याने जे दिलेले आहे आणि बाईच्या हातात जे पडते, या दोहोंमधील अंतर गावोगाव मोजणे. त्या कामात घोषणा कमी आणि टिपणवह्या अधिक असतात. म्हणून त्याची प्रसिद्धीही कमी.

याच काळात या चळवळीपुढे असा एक पेच उभा राहिला की ज्याची तुलना जगातील गर्भपातविषयक फार थोड्या वादांशी करता येईल. गर्भजलपरीक्षेने मुलगा की मुलगी ते कळू लागले आणि मुंबईच्या लोकलगाड्यांतून त्या परीक्षेच्या जाहिराती झळकू लागल्या. आता थोडे खर्चा आणि पुढचा हुंडा वाचवा, असा त्यांचा निर्लज्ज मथितार्थ असे. १९८५-८६ च्या सुमारास मुंबईत गर्भलिंगनिदानाविरुद्ध कार्यकर्ते, डॉक्टर आणि शास्त्रज्ञ यांचा मंच उभा राहिला, आणि त्याच्या खटपटीने १९८८ साली महाराष्ट्राने या परीक्षांचे नियमन करणारा देशातील पहिला कायदा केला. केंद्राचा कायदा १९९४ चा. तो कागदावरच राहतो असे पाहून सन २००० मध्ये मुंबईची ‘सेहत’, पुणे जिल्ह्यात काम करणारी ‘मासूम’ या संस्था आणि डॉ. साबू जॉर्ज यांनी सर्वोच्च न्यायालयात जनहितयाचिका दाखल केली, न्यायालयाने राज्याराज्यांना हुकूम सोडले आणि त्यानंतर कायदा दुरुस्त झाला. महाराष्ट्रात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलांमागे मुलींचे प्रमाण १९९१ साली ९४६, २००१ साली ९१३ आणि २०११ साली ८९४ असे उतरत गेले, हे आकडे पाहिले म्हणजे या लढ्याची निकड सांगावी लागत नाही.

पण ज्या बायकांनी गर्भाचा निर्णय स्त्रीचा आहे असे म्हणावयाचे, त्यांनीच अमुक कारणासाठी तो निर्णय करू नये असे म्हणावयाचे, हे कसे? विरोधकांनी हा प्रश्न विचारला आणि तो विचारण्याजोगा होता. चळवळीने कायदेशीर मसुद्यातून जे उत्तर दिले ते तत्त्वज्ञानाच्या दृष्टीनेही विचारार्ह आहे. त्यांनी अपराध ठेवला तो परीक्षेवर, गर्भपातावर नव्हे. दोष ठेवला तो यंत्र चालविणाऱ्यावर आणि निदान सांगणाऱ्यावर; केंद्रीय कायद्याच्या २४ व्या कलमात तर गर्भवतीवर पतीने वा नातलगांनी जबरदस्ती केली असे न्यायालयाने गृहीतच धरावे, अशी तजवीज आहे. आई व्हावे की न व्हावे हा एक निर्णय. मुलाची आई व्हावे, मुलीची नव्हे, हा निराळा, आणि त्यात फळाची वाटणी बाईच्या शरीरापुरती न राहता कुळाच्या हिशेबाला लागते. मला हा भेद पटतो. मात्र तो जितका पुढे न्यावा तितका अवघड होतो. गर्भात गंभीर व्यंग असल्यास २०२१ च्या दुरुस्तीने आठवड्यांची मर्यादाच उठविली. अपंगांच्या हक्कांसाठी झगडणारे कार्यकर्ते विचारतात की लिंगावरून निवड निषिद्ध आणि व्यंगावरून निवड संमत, हे कोणत्या न्यायाने? मूल वाढविण्याचा भार समाज वाटून घेत नाही म्हणून, हे खरे उत्तर असावे. परंतु ते समाजावरचा ठपका आहे, तत्त्व नव्हे. याहून समाधानकारक उत्तर मला सापडलेले नाही.

व्यवहारात या सूक्ष्म भेदाचे काय झाले, ते फारसे सुखावह नाही. २०१२ साली परळीच्या एका रुग्णालयात गर्भपाताच्या वेळी एक स्त्री दगावली आणि लिंगनिदानाचे प्रकरण उजेडात आले, तेव्हा सरकारी यंत्रणा जी खडबडून उठली ती सरसकट गर्भपातावरच घसरली. औषधांच्या दुकानांवर तपासण्यांचा ससेमिरा लागला, अनेक विक्रेत्यांनी गर्भपाताच्या गोळ्या ठेवणेच सोडून दिले, आणि गर्भपात म्हणजेच गुन्हा असा समज भित्तिपत्रकांनी घरोघर पोचविला. पुण्यामुंबईच्या संस्थांना त्यानंतरची वर्षे दोन कायद्यांतील फरक डॉक्टरांना, पत्रकारांना आणि पोलिसांना समजावून सांगण्यात घालवावी लागली. इकडे बायकांनी आपली वाट काढली होती. २०१५ साली देशात सुमारे १ कोटी ५६ लाख गर्भपात झाले आणि त्यांपैकी जवळजवळ तीन चतुर्थांश इस्पितळाबाहेर, गोळ्यांनी झाले, असा अंदाज संशोधकांनी ‘लॅन्सेट’च्या एका नियतकालिकात २०१८ साली प्रसिद्ध केला. म्हणजे अधिकाराचा खल चालू असता बहुसंख्य स्त्रियांनी तो बजावून टाकला होता, फक्त डॉक्टरच्या देखरेखीवाचून.

न्यायालयाची वाट यापेक्षा संथ, पण तिनेच या प्रश्नाला आजची भाषा दिली. २००८ साली मुंबईचे डॉ. निखिल दातार यांनी आपल्या रुग्ण दांपत्यासह उच्च न्यायालयात धाव घेतली; गर्भाच्या हृदयात दोष निघाला होता आणि २० आठवड्यांची मुदत उलटून गेली होती. न्यायालयाने कायद्याच्या अक्षरावर बोट ठेवून परवानगी नाकारली. पुढे २०१६ पासून असे अर्ज एकामागून एक सर्वोच्च न्यायालयात जाऊ लागले, आणि प्रत्येक अर्जामागे एक वैद्यकीय मंडळ, एक तपासणी, एक तारीख असा लवाजमा चालला. एका बाईची सुटका करताना पुढच्या शंभर जणींच्या वाटेत मंडळाचे नाके उभे राहते, ही चळवळीतल्या अनेकांची तक्रार रास्त होती. तथापि त्या अर्जांच्या ढिगाखालीच २० आठवड्यांची भिंत खचली, हेही नाकारता येत नाही.

तत्त्वाच्या दृष्टीने निर्णायक ठरलेला खटला मात्र गर्भपात मागणाऱ्या स्त्रीचा नव्हताच. चंदीगडच्या सरकारी आश्रयगृहात बौद्धिक अपंगत्व असलेल्या एका अनाथ तरुणीवर बलात्कार झाला, ती गर्भवती राहिली, आणि प्रशासनाच्या मागणीवरून उच्च न्यायालयाने तिचा गर्भपात करण्याचा हुकूम दिला. तिला मूल हवे होते. ऑगस्ट २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो हुकूम फिरविला आणि प्रजननाविषयीची निवड हा संविधानाच्या २१ व्या अनुच्छेदातील व्यक्तिस्वातंत्र्याचाच भाग आहे असे सांगितले. गर्भपातविषयक हक्काची सांविधानिक कोनशिला, मूल जन्माला घालू पाहणाऱ्या आणि जिला निर्णयाची कुवत नाही असे सर्वांनी गृहीत धरलेल्या अशा एका मुलीने बसवावी, यात मला योगायोगापेक्षा अधिक काही दिसते: हक्क गर्भपाताचा नव्हे, निर्णयाचा आहे, हे इतक्या स्वच्छपणे दुसऱ्या कोणत्याही खटल्याने दाखविले नसते. त्याच सूत्राने मुंबई उच्च न्यायालयाने २०१६ साली भायखळ्याच्या तुरुंगातील कैदी स्त्रियांच्या प्रकरणात, मातृत्वाचा निर्णय त्या स्त्रीचा एकटीचा, असे न्यायमूर्ती ताहिलरामानी आणि भाटकर यांच्या मुखाने सांगितले. २०१७ साली नऊ न्यायाधीशांच्या पीठाने खाजगीपणाला मूलभूत हक्काचा दर्जा दिला. आणि २९ सप्टेंबर २०२२ रोजी न्यायमूर्ती चंद्रचूड, बोपण्णा आणि पारडीवाला यांनी २५ वर्षांच्या एका अविवाहित तरुणीच्या खटल्यात, २०२१ च्या दुरुस्तीने दिलेली २४ आठवड्यांपर्यंतची सवलत विवाहितांपुरती ठेवता येणार नाही असा निकाल दिला, या कायद्यापुरता का होईना पतीने केलेला बलात्कारही बलात्कारात गणला, आणि कायद्यात नसलेल्या अटी, घरच्यांची संमती धरून, डॉक्टरांनी घालू नयेत असे बजावले. खिडकीवरच्या कारकुनाचे सूत्र अशा रीतीने पन्नास वर्षांनी खोडले गेले, निदान निकालपत्रात.

वर्षभरातच या निकालाची कसोटी लागली. २६ आठवड्यांची गर्भवती, पदरी दोन मुले, त्यांतले धाकटे अंगावर पिणारे, मागील बाळंतपणानंतर मानसिक आजाराने ग्रासलेली अशी एक विवाहिता सर्वोच्च न्यायालयापुढे आली. ९ ऑक्टोबर २०२३ रोजी तिला परवानगी मिळाली. सरकारने त्या परवानगीचा फेरविचार मागितला, कारण आता गर्भाचे हृदय आधी थांबविल्यावाचून भागणार नव्हते. आणि दोनच दिवसांनी, परवानगी देणाऱ्या दोन न्यायमूर्तींत मतभेद झाला. दोघीही स्त्रिया. न्यायमूर्ती कोहली यांची सदसद्विवेकबुद्धी परवानगीला राजी होईना. न्यायमूर्ती नागरत्ना यांच्या मते त्या स्त्रीने केलेला निर्णय न्यायालयाने आपल्या निर्णयाने बदलणे उचित नव्हते. एकीने जीवाच्या स्वरूपाचा प्रश्न विचारला, दुसरीने अधिकाराचा, आणि दोघींचेही उत्तर आपापल्या प्रश्नाला प्रामाणिक होते. १६ ऑक्टोबरला सरन्यायाधीश चंद्रचूड यांच्याच त्रिसदस्य पीठाने परवानगी नाकारली: गर्भात व्यंग नाही, मातेच्या प्राणावर तातडीचे संकट नाही, २४ आठवडे उलटले आहेत. बाळंतपणाचा खर्च सरकारने सोसावा. मूल ठेवावयाचे की दत्तक द्यावयाचे ते आईबापांनी ठरवावे.

तपशील पाहिला तर ही व्यवस्था फुल्यांच्या फलकातील व्यवस्थेसारखीच आहे: सुरक्षितपणे बाळंत व्हावे, मूल न्यावे किंवा ठेवून जावे. परंतु पुण्यातल्या त्या घरी जी विधवा येई ती फलक वाचून, इतर सर्व दारे बंद झाल्यावर का होईना, आपल्या पायांनी येई. आणि दिल्लीत ही स्त्री दुसरे काही मागावयास आली होती.